विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी समुद्र

माजलगाव तालुक्यात ज्यांना पोहता येतं त्यातले बरेच जण विहिरीत शिकले. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन बांधायचा आणि मामाने वरून ढकलून द्यायचं, ही इथली शाळा. पुढे पाटात उड्या झाल्या, सिंदफणा झाली, मंजरथला गोदावरीचा संगम झाला. मग एका दिवाळीत चार घरं मिळून गाडी करतात, कोकण गाठतात, आणि लाटा दिसल्या की माणूस शर्ट काढतो. मनात एकच वाक्य असतं : आपल्याला काय, पोहता येतं.

समुद्रात हा दाखला चालत नाही. विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. पाटाचं पाणी वाहतं, पण एकाच दिशेने, आणि काठ दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर असतो. समुद्राचं पाणी चढतं, उतरतं, किनाऱ्याला धरून आडवं सरकतं आणि मधूनच एखाद्या पट्ट्यातून आत ओढून नेतं. पोहता न येणारा माणूस निदान घाबरून गुडघ्यापाशी थांबतो. विहिरीत तयार झालेला छातीपर्यंत जातो.

लाटांची मजा घ्यायला मात्र खोल पाण्याची गरजच नाही. बूगी बोर्डवर पोटावर पडून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत येण्याचा खेळ कमरेच्या पाण्यात होतो. सर्फिंगचे पहिले धडेही तिथेच गिरवतात. म्हणून या लेखात दोनच नियम पुन्हा पुन्हा येतील : आधी वेळ ठरवा, मग पाण्यात उतरा, आणि पहिल्या सहलीत कमरेच्या पुढे जाऊ नका.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर हा काळ सोडून द्या. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. जलक्रीडा तर मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद ठेवतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते कोळी होड्या वर ओढून बसलेले असताना आपण पाण्यात उतरण्यात कसलंच शौर्य नाही. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला, असंही नाही. ऑक्टोबर उजाडू द्या.

नवशिक्यांसाठी सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. लाटा लहान असतात, पाणी निवळतं, रात्री तंबूत झोप लागते. मार्चपासून ऊन आणि घाम वाढतो. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून आपण जातो, पण तेव्हा किनाऱ्यावर गर्दी असते, दुपार भाजून काढते आणि महिन्याच्या शेवटी लाटा मोठ्या होऊ लागतात.

दिवसातली वेळ शाळेच्या भूगोलात दिलेलीच आहे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा पाणी गुळगुळीत आणि लाटा नीटस असतात. दुपारी खारे वारे सुटले की पाणी विस्कटतं, लाटा कुठूनही फुटतात. बोर्ड घेऊन उतरायचं ते सकाळी. एक सावधगिरी मात्र त्यातच आहे : सकाळचा वारा किनाऱ्यावरून आत वाहतो. ट्रॅक्टरची ट्यूब, हवेची गादी, हवा भरलेलं बदक यांना तो गुपचूप खोल पाण्यात नेतो. ट्यूब घरीच ठेवा.

पंचांग सोबत घ्या

समुद्राचं वेळापत्रक तिथीवर चालतं, आणि तिथी सांगणारं कॅलेंडर आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात टांगलेलं असतं. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला ढोबळ हिशेब असा : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. एक भरती दिवसा, दुसरी रात्री. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते.

हा हिशेब मुंबई-रायगडाकडे बऱ्यापैकी जुळतो. मालवण-गोव्याकडे भरती साधारण तासभर आधी येते. अर्धा-पाऊण तासाची चूक दोन्हीकडे धरून चाला. सहलीची तारीख ठरवायला एवढं पुरतं. पाण्यात उतरण्याआधी मात्र त्या गावाचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर पाहा, किंवा जाळं विणत बसलेल्या दादांना विचारा.

पाणी किती चढेल हेही तिथीच सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, तेवढंच खाली जातं, आणि त्यामुळे वेगाने हलतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती : चढउतार कमी, ओढ कमी. मुंबईला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. गोव्याकडे तो अडीच मीटरच्या आतच राहतो. पोरंबाळं सोबत असतील तर दक्षिणेकडचा किनारा सोपा जातो, त्याचं हेही एक कारण.

आता दिवाळी घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे ते उधाणाचे दिवस. भाऊबीज द्वितीयेला. भाऊबीज आटोपून लगेच पळण्यापेक्षा दोन दिवस बहिणीकडे काढा आणि पंचमी-षष्ठीला किनाऱ्यावर असा. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊला पुरी होते. तिथून पाणी हळूहळू किनाऱ्याकडे चढू लागतं. हे पुढचे दोन तास नवशिक्याचे : वारा अजून फिरलेला नसतो आणि पाण्याचा एकूण रोख किनाऱ्याकडे असतो. ओहोटी लागलेली असताना, आणि विशेषतः खाडीच्या तोंडाशी, उतरू नका.

कुठं आणि कसं जायचं

माजलगावहून समुद्राच्या दोन वाटा. एक अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव करत दिवेआगर-श्रीवर्धनकडे. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. दुसरी बीडहून धुळे-सोलापूर महामार्गाने सोलापूर, पुढे सांगोला, मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरहून गगनबावडा उतरून कणकवली-मालवण, किंवा आंबोली उतरून सावंतवाडी. सावंतवाडी माजलगावहून जवळजवळ सहाशे किलोमीटर पडते. कुठलीही वाट धरा, रात्रभर गाडी हाणून सकाळी थेट पाण्यात उतरू नका. जागरणाने थकलेलं अंग लाटेत लवकर दमतं. घाट उजेडात उतरा, संध्याकाळी पोहोचा, त्या दिवशी फक्त पाय भिजवा.

बूगी बोर्डसाठी सपाट, घट्ट वाळूचा किनारा शोधा. बारीक वाळूचे किनारे बहुधा मंद उताराचे असतात. तिथे लाट लांबूनच फुटून फेसाळत येते. दापोलीजवळचं मुरूड, कर्दे हे अशा पुळणींचे किनारे. जाड, पाय रुतणाऱ्या वाळूचे किनारे एकदम खोल होतात आणि लाट थेट काठावर आदळते. अशा ठिकाणी बोर्ड काढूच नका, मान मोडते. काशीदचा किनारा फोटोत फार देखणा दिसतो, पण तिथल्या लाटांना जोर आहे आणि तिथे बुडाल्याच्या बातम्या नेमाने येतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ते दृश्य होडीतून पाहावं. संगमावर पोहू नये.

सर्फिंग शिकायचं असेल तर शिकवणारा माणूस आणि भाड्याने मिळणारा बोर्ड, दोन्ही लागतात. आपल्याला सर्वांत जवळ पडतो तो उत्तर गोव्याचा पेडणे तालुका : मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. सावंतवाडीहून हा पट्टा फार लांब नाही. दक्षिण गोव्यात आगोंद आहे. आणखी खाली कर्नाटकात मंगळुरूजवळ मुल्की आहे, भारतातल्या सर्फिंगची सुरुवात जिथून झाली असं मानतात ते गाव. २००४ साली तिथे मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर सरकारने नेमलेले जीवरक्षक असतात. त्यांनी लाल-पिवळे झेंडे लावले असतील तर पोहायचं त्या झेंड्यांच्या मध्येच. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. महाराष्ट्रात प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं नाही, म्हणून गावात पोहोचल्यावर पहिला प्रश्न तोच विचारा.

निघण्याआधी

सरावासाठी माजलगाव धरणावर जाऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे पोहायला गेलेले एक डॉक्टर बुडाले आणि त्यांचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातल्या जवानाचाही जीव गेला. जलाशयात गाळ असतो, मासेमारीची जाळी असतात, तळ एकाएकी सुटतो. सराव करायचा तर जीवरक्षक असलेल्या तलावात करा. तीन गोष्टी आल्या पाहिजेत : पाठीवर पडून पाच मिनिटं शांत तरंगणं, नाकातोंडात पाणी गेलं तरी न गडबडणं, आणि हात उंचावून मदत मागणं. विहिरीत सूर मारण्याची सवय इथे कामाची नाही. उथळ समुद्रात डोकं खाली घालून उडी मारणं हा मणका मोडून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

कपड्यांचं आधी ठरवा. साडी, ओढणी, सलवार, जीन्स हे सगळं ओलं झालं की जड होतं आणि लाटेत पायात गुंडाळतं. बायका-पुरुष सगळ्यांनीच लेगिंग किंवा आखूड विजार आणि अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट घ्यावा. अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही आणि बोर्डवर घासून छाती-पोट सोलवटत नाही. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण काढून ठेवा.

सामानात पाण्याचा वीस लिटरचा जार, ओआरएसच्या पुड्या, सनस्क्रीन, टोपी, शिट्टी, वीसेक मीटर नायलॉनची दोरी आणि पाच लिटरचा रिकामा, घट्ट बुचाचा कॅन असू द्या. ज्याने तुम्हाला पोहायला शिकवलं तो कॅन इथे दोरी बांधून फेकायच्या कामाचा आहे.

उतरण्याआधी पंधरा मिनिटं

पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात जाऊ नका. जरा उंचावर उभं राहून पंधरा मिनिटं नुसतं पाहा. लाटा झुंडीने येतात : काही लहान, मग तीन-चार मोठ्या, मग पुन्हा उसंत. पहिल्या पाच मिनिटांत समुद्र शांत दिसला म्हणून तो शांत असतोच असं नाही.

पाहायचं ते ओढीचा पट्टा. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाफ्याचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी जसं तिथूनच निघतं, तसं हे पाणी वाळूच्या दांड्यातल्या एखाद्या खळगीतून जोराने आत जातं. वरून तो पट्टा उलट सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्येच गडद, सपाट, थोडं गढूळ पाणी. त्यावर फेस किंवा पाला समुद्राच्या दिशेने सरकतोय, असं दिसलं तर ती जागा सोडा. लेकरांना ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून नेमकं तिथेच खेळायला बसवलं जातं.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारू नका. विहिरीत पोहणारा इथेच हरतो : काठ दिसतो, ताकद आहे, म्हणून तो सरळ काठाकडे झेपावतो आणि दमून बुडतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते आणि थोड्या अंतरावर तिचा जोर संपतो. तरंगत राहा, हात वर करा, शिट्टी वाजवा. जोर कमी झाला की किनाऱ्याला समांतर पोहा आणि जिथे लाटा फुटताना दिसतात तिथून बाहेर या. त्या लाटाच तुम्हाला काठाकडे ढकलतील.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, मोठा गट होता. गट मोठा असला की कोण कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक वेळी एक मोठं माणूस कोरडं राहील, त्याच्या हातात मोबाइल नसेल, आणि त्याने शिट्टी वाजवली की सगळे बाहेर येतील, हे आधीच ठरवा. ते माणूस दर तासाला बदला.

बूगी बोर्ड : पहिल्या दिवशी जमणारा खेळ

१९७१ साली हवाईत टॉम मोरे या माणसाने फोमचा तुकडा कापून त्यावर पोटावर झोपून लाट पकडली. तेव्हापासून हा खेळ गरिबाचं सर्फिंग म्हणून जगभर पसरला. उभं राहायचं नाही, तोल सांभाळायचा नाही. आठ वर्षांच्या पोरीला आणि पन्नाशीच्या आजोबांना तो एकाच सकाळी येतो.

बोर्ड उभा धरला तर बेंबीपर्यंत यावा. त्याहून लहान बोर्ड वजन पेलत नाही, मोठा आवरत नाही. नुसत्या थर्माकोलवर कापड चिकटवलेला स्वस्त बोर्ड दुसऱ्या लाटेला तुटतो आणि त्याचे दाणे समुद्रभर होतात. खाली कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा थर असलेला घ्या. बोर्डची दोरी मनगटाला किंवा दंडाला बांधा.

कमरेच्या पाण्यात समुद्राकडे तोंड करून उभे राहा. बोर्ड छातीसमोर आडवा धरू नका, लाट आली की तो तोंडावर आदळतो, बाजूला धरा. आधीच फुटलेली, फेसाळत येणारी लाट निवडा. ती दोन-तीन हातांवर आली की किनाऱ्याकडे वळा, पायाने तळाला रेटा द्या आणि बोर्डवर पोट टाका. दोन्ही हात बोर्डच्या पुढच्या कोपऱ्यांवर, कोपरं बोर्डवर टेकलेली, मान वर, नजर किनाऱ्यावर, पाय सरळ. बोर्डचं नाक पाण्यात घुसलं तर थोडं मागे सरका. लाट पुढे निघून गेली तर थोडं पुढे. डावीकडे जायचं तर डाव्या कोपरावर भार द्या. थांबायचं तर मागे सरकून पाय पाण्यात सोडा.

पाणी घोट्याएवढं झालं की उठा. वाळूत घासत शेवटपर्यंत जाण्याच्या हौसेपायी हनुवटी सोलून निघते. प्रत्येक वेळी परत आत जाताना समोरून लाट घेऊन येणाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा. आणि बोर्ड हाताशी आहे म्हणून खोल पाण्यात जाऊ नका. दोरी तुटली की तो पाच सेकंदांत किनाऱ्यावर पोहोचतो, तुम्ही नाही.

सर्फिंग : वाळूवर अर्धा तास, मग पाणी

टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंगची पहिली पदकं दिली गेली आणि तेव्हापासून आपल्याकडेही चौकशा वाढल्या. टीव्हीवर दिसणारी लाटेच्या भिंतीखालची सफर विसरा. पहिल्या दिवशी आठ-नऊ फुटी मऊ फोमचा बोर्ड, कमरेचं पाणी आणि फुटून गेलेली फेसाळ लाट एवढाच कार्यक्रम असतो. आणि तो पुरतो.

वर्ग निवडताना पैशांआधी चार प्रश्न विचारा. एका शिक्षकामागे किती शिकाऊ? त्याच्याकडे जीवरक्षकाचं प्रशिक्षण आहे का? तो स्वतः पाण्यात सोबत असतो की काठावरून ओरडतो? लाटा वाढल्या तर वर्ग रद्द करतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘कधीच रद्द होत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

धडा वाळूवर सुरू होतो. बोर्डच्या मधल्या रेषेवर पालथं पडायचं, पायाची बोटं मागच्या टोकाशी. हाताने पाणी कापायचं. मग तळवे बरगड्यांपाशी टेकवून एका झटक्यात उठायचं : एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, नजर समोर. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला हे अर्ध्या तासात येतं, गुडघ्यांवर टेकून सावकाश उठणाऱ्याला चार दिवस येत नाही. कुठला पाय मागे जातो ते पाहून त्याच घोट्याला दोरी बांधतात.

पडायचं कसं हे उभं राहण्याइतकंच महत्त्वाचं. पडणं ठरलेलंच असतं; बोर्डपासून लांब, आडवं, अंग पसरून पडा. पाण्याखाली गेलात की हातांनी डोकं झाका आणि हात डोक्यावर ठेवूनच वर या, कारण बोर्ड वरच कुठेतरी असतो. बोर्ड कधीही स्वतः आणि लाट यांच्यामध्ये आडवा ठेवू नका. दोरी हाताला गुंडाळू नका. एक घनमीटर समुद्राचं पाणी टनाहून जड असतं. छोटी वाटणारी लाटही बोर्डला तेवढ्या जोराने मारते.

लाटेवर पहिला हक्क तिच्या फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ असलेल्याचा. त्याने लाट धरली की तुम्ही थांबा. एका वेळी दीड-दोन तास पुरेत. थंडी वाजू लागली किंवा हात उचलेनासे झाले की बाहेर या. चुका तेव्हाच होतात.

तंबू कुठे ठोकायचा

तंबू आधी परवानगीचा, मग जागेचा विषय. ग्रामपंचायतीत विचारा. सोपा मार्ग म्हणजे किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीत जागा घेणं : पाणी, संडास आणि रात्री हाक मारायला माणूस, तिन्ही मिळतं. चार पैसे गावात राहतात.

किनाऱ्यावर वाळक्या शेवाळाची, काटक्यांची एक रेघ दिसते. तिथपर्यंत मागची भरती आली होती. तंबू त्या रेघेच्या बराच वर हवा, आणि उधाण जवळ असेल तर आणखी वर, कारण रात्रीची भरती तुम्ही झोपेत असताना येते. माडाखाली तंबू नको. नारळ आणि झावळ्या सांगून पडत नाहीत. सुरूच्या बनाचा आडोसा वाऱ्याला चांगला, पण त्याच्या वाळक्या सुया ठिणगीने पेटतात, तिथे चूल मांडू नका.

काळ्या मातीत खुंटी ठोकण्याची आपली सवय वाळूत फसते. पहिल्याच वाऱ्याला खुंट्या निघतात. खताच्या रिकाम्या गोण्या घेऊन जा. त्यात वाळू भरा, दोरी बांधा, हातभर खड्डा करून पुरा आणि तंबूचे ताण त्याला बांधा. तंबूचं तोंड वाऱ्याच्या आड करा. डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की सकाळी सगळं चिंब असतं, म्हणून वरचं कापड विसरू नका. गाडी वाळूवर नेऊ नका. ती रुतते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

जेवणाचं फार करू नका. कडक भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकतात. तिसऱ्या दिवशी गावातल्या खाणावळीत मासे किंवा सोलकढी-भात. कचरा परत आणा, विशेषतः प्लास्टिक आणि बाटल्या.

वेळास, आंजर्ले आणि अशा काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२पासून ही घरटी जपायला सुरुवात केली आणि पुढे गावाने कासव महोत्सव उभा केला. अशा ठिकाणी वाळूवर तंबू, शेकोटी, झगमगीत टॉर्च नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. गावातल्या घरी राहा आणि कासवमित्र सांगतील तेव्हाच पाहायला जा.

काही झालं तर

कोणी बुडत असेल तर पोहता येणाऱ्यानेही मागे उडी घेऊ नये. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. दोरी बांधलेला कॅन फेका, बोर्ड ढकला, जीवरक्षकाला हाक मारा. ११२ लावा, सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, रुग्णवाहिकेचा १०८.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पालथं घालून पोट दाबणं हे सगळं आपल्याकडे अजून चालतं. त्यात जातो तो फक्त वेळ. श्वास नसेल तर उताणं झोपवा, मान मागे करून नाक दाबून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोराने दाब द्या : तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासा असू शकतो. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी कितीतरी भाविकांना पाकटांनी डंख मारले होते. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, पाकट दूर जातो. डंख झालाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिशने चटका दिला तर जागा चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा. जाळ्यातून वाळूवर पडलेला साप मेलेला वाटला तरी हात लावू नका. समुद्रसाप विषारी असतात.

तीन दिवस असे वाटा

पहिल्या दिवशी प्रवास, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी, कोळ्यांशी बोलणं, ओढीचे पट्टे पाहून ठेवणं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूगी बोर्ड, दुपारी सावली आणि झोप, संध्याकाळी पाण्याबाहेर. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्फिंगचा वर्ग किंवा पुन्हा बूगी बोर्ड, आणि जेवून परतीचा रस्ता. समुद्रात दारू पिऊन उतरायचं नाही, अंधारात उतरायचं नाही, आणि कोरड्या माणसाने नको म्हटलं की वाद घालायचा नाही. लाटा मोठ्या असतील तर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा इशारा बातम्यांत येतो. तसा दिवस निघाला तर बोर्ड गाडीतच राहू द्या आणि किल्ले पाहा. सिंधुदुर्गाला होडीची फेरी सुरू नसेल तर ते समुद्राबद्दल सगळ्यात भरवशाचं मत समजा.

घरी आल्यावर बोर्ड, दोऱ्या आणि तंबूच्या चेनी गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी चेनी गंजवतं. बोर्ड सावलीत वाळवा, पत्र्यावर उन्हात टाकू नका; आपल्या एप्रिलच्या उन्हात फोमचे थर सुटतात आणि पुढच्या दिवाळीला नवा घ्यावा लागतो.